कंबरेची टेप आणि तेलाची पिशवी
स्थूलता समजून घेताना : लेखांक ४

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. तक्त्याप्रमाणे दोघेही सडसडीत. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. सोबत मिश्कील खुलासाही होता : युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार लागायच्या आत ती गाठणं!

गेल्या लेखांकात आपण बीएमआय काढायला शिकलो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायची ही कल्पना एकोणिसाव्या शतकातले बेल्जियमचे गणिती आदोल्फ केतले यांची. ते डॉक्टर नव्हते. माणसांच्या मोजमापांची सरासरी काढणं हा त्यांचा विषय. वजनात स्नायू किती नि चरबी किती, हे त्या आकड्याला कळत नाही आणि आपली अडचण नेमकी तिथेच आहे. म्हणून जगभर २५ ला धोक्याची रेघ मारतात, ती भारतीयांसाठी २३ वर आणली आहे. २५ पासून पुढे सरळ स्थूलताच.

हे असं का, याचं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांनी दिलं. १९९३ मध्ये याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलोच्या. आपली बाळं दिसायला हडकुळी. मात्र स्नायू आणि पोटातले अवयव जेवढे लहान, त्या मानाने चरबी कमी नव्हती. पोटातल्या बाळाला अन्न पुरेसं मिळालं नाही की ते स्नायूंवरचा खर्च आटोपतं आणि चरबी राखतं. पुढे शहरात नोकरी लागते, चारचाकी येते, ताट भरतं. पण ते रिचवायला स्नायूच कमी. ‘पोट सुटलंय, आळशी झालाय’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

चरबी साठवायची शरीराची पहिली जागा त्वचेखाली असते. तिथली सोय अपुरी पडली की ती आतड्यांभोवती आणि यकृतात जाऊन बसते. पोटातल्या या चरबीतून सुटणारी मेदाम्लं थेट यकृताकडे जातात, इन्शुलिनचा प्रभाव घटतो, आणि मग मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असा सिलसिला सुरू होतो. हातपाय काटकुळे आणि पुढे दोंद, ही आपल्याकडच्या चाळिशीतल्या पुरुषाची ओळख झाली आहे. तिला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून कौतुक मिळतं, हे त्याहून वाईट.

तेव्हा वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, कपडा बाजूला करून, श्वास सहज सोडल्यावर मोजा. पोट आत ओढू नका. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत हवं. पँटचा नंबर सांगून सुटका करून घेऊ नये. पँट पोटाच्या खाली बांधली की नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. माप जास्त भरलं तर उपाशीपोटीची साखर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड तपासून घ्यावं.

आता ताटाकडे वळू. पोळी, भात आणि बटाट्याची भाजी, वर पातळ वरण : बेत नेहमीचा, पण तीन वाटे पिष्टाचे आणि प्रथिनं नावाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम असं माप आहे. ४०० ग्रॅम भाजी आपल्यापैकी किती घरांत माणशी शिजते? मटकीची, हुलग्याची, चवळीची उसळ वाटीभर आणि कोशिंबीर ताटाच्या कोपऱ्यातून मध्यावर आणली, तर दुसऱ्या पोळीची भूक आपोआप मंदावते. भाकरीही दोन-तीन खाल्ल्या तर ते धान्यच, ज्वारी आहे म्हणून सूट नाही. उपासाबद्दल तर बोलायलाच नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात तूप, शेंगदाण्याचं कूट, बटाटा. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही.

तेलाचा हिशेब मात्र मी घरोघरी करायला सांगते, कारण तो फसवता येत नाही. माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरलं तर चौघांना महिन्याला ३ किलो, म्हणजे साधारण सव्वातीन लिटर. महिन्यात लिटरच्या किती पिशव्या फोडल्या ते आठवा. त्यात बाहेरचा वडापाव, खारी, फरसाण यांचं तेल धरलेलंच नाही. साखरेचंही तसंच : कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप म्हणजे ४० ग्रॅम. पुरे झाले असते २५ ग्रॅम, तेही मिठाई-बिस्किटं धरून.

एकट्याचं ‘डाएट’ वेगळं शिजवण्याच्या मी विरोधात आहे. करणारी दमते, खाणारा कंटाळतो आणि महिन्याभरात सगळं जुन्यावर येतं. एकच स्वयंपाक, सगळ्यांसाठी तोच, फक्त वाढप बदललेलं; एवढंच टिकतं.

पुढच्या लेखांकात मुलांचे डबे आणि पाकिटातला खाऊ पाहू. तोवर घरातल्या सगळ्या मोठ्यांच्या कंबरेचं माप घ्या आणि तारखेसह कॅलेंडरवर लिहून ठेवा.