दप्तर वाचताना : लेखांक 6
अधिसभेचे कागद कोणत्या गावी?

मागच्या आठवड्यात नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्ते पाहिली. आज विद्यापीठाची. सोलापूरच्या प्राध्यापकांनी विद्यापीठाच्या कारभारात काय केले हे शोधायचे, तर दप्तर एका गावात मिळत नाही.

दयानंद महाविद्यालय 1940 साली सुरू झाले, ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर सोलापूर तिकडे गेले. 1953 चे संगमेश्वर महाविद्यालय त्याच काळातले. 18 नोव्हेंबर 1962 ला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढची चार दशके आपला कारभार कोल्हापुरातून चालला. 1 ऑगस्ट 2004 ला जिल्ह्याचे स्वतःचे विद्यापीठ झाले. त्याला 2019 मध्ये अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. महाविद्यालय नव्या विद्यापीठाकडे जाते, पण जुन्या सभांचे दप्तर मूळ विद्यापीठाचेच असते. म्हणून आधी साल ठरवा, मग गाव.

गाव ठरले की कोणती सभा ते पाहायचे. अधिसभेत अंदाजपत्रक आणि प्रश्नोत्तरे, व्यवस्थापन परिषदेत पैसा आणि नेमणुका, विद्या परिषदेत शैक्षणिक धोरण. माझ्या मते खरा खजिना अभ्यास मंडळांत आहे. कोणता पेपर सुरू झाला, कोणते पुस्तक लागले, कोणते वगळले, हे तिथे ठरते. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या या शहरात कोणत्या भाषेच्या शिक्षणाला केव्हा किती जागा मिळाली, याचा इतिहास लिहायचा तर या कागदांवाचून गत्यंतर नाही. तरीही लोक अधिसभेच्या वादळी बैठका शोधतात आणि अभ्यास मंडळांच्या फायलींवर धूळ साचते.

शोधताना जुनी नावे लक्षात ठेवा. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने विद्याशाखा चारच ठेवल्या. त्याआधीची इतिवृत्ते कला, सामाजिक शास्त्रे अशा वेगळ्या नावांखाली सापडतील. अधिष्ठाताही 1994 च्या कायद्याखाली विद्याशाखेचे सदस्य निवडून देत. आता ते पूर्णवेळ नेमलेले अधिकारी आहेत. प्राध्यापकांच्या हातून एक अधिकार गेला, तो जुन्या निवडणुकांच्या कागदांतच नीट दिसतो.

इतिवृत्त एकटे वाचू नका. त्यात बहुधा ठराव असतो, वाद नसतो. कार्यक्रमपत्रिका, सोबतची टिपणी, सदस्याने दिलेले मतभेदपत्र आणि पुढच्या बैठकीतला कृती अहवाल असा संच हवा. इतिवृत्त कायम करताना कोणी दुरुस्ती सुचवली असेल तर तीही पाहा. झालेल्या भांडणाची खूण कित्येकदा तेवढीच उरते.

दप्तर कुलसचिवांच्या ताब्यात असते. अर्ज करताना सभेचे नाव, साल आणि ठरावाचा विषय नेमका लिहा. माहिती अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 4 नुसार अभिलेखांची सूची ठेवणे कार्यालयाचे कर्तव्य आहे, तेव्हा आधी सूची मागा.

आणि अभ्यास मंडळावर किंवा अधिसभेवर काम केलेल्या निवृत्त प्राध्यापकांना एक विनंती. तुमच्याकडच्या कार्यक्रमपत्रिका आणि समासातल्या टिपणांसह प्रती रद्दीत घालू नका. सालवार लावा, वर नाव लिहा आणि आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे पोच घेऊन सोपवा.