वजनाचा वारसा

गुटगुटीत मूल हे घराच्या सुबत्तेचे लक्षण, ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. ‘सुदृढ बालक’ स्पर्धांनी वर्षानुवर्षे तिलाच खतपाणी घातले. तेच मूल दहाव्या-बाराव्या वर्षी स्थूल दिसू लागले की दोष मात्र त्याच्या खादाडपणाला दिला जातो. वस्तुतः मुलाचे वजन हा बऱ्याच अंशी आईबापांकडून आलेला वारसा असतो.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले की, दहा वर्षांखालील मुलाचे आईवडील स्थूल असल्यास ते मोठेपणी स्थूल होण्याचा संभव दुपटीहून अधिक वाढतो; मग ते आज सडपातळ का असेना! यात आनुवंशिकतेचा वाटा आहे, तसाच घरातील समान सवयींचाही. शिवाय गर्भवतीस मधुमेह असेल तर तिच्या रक्तातील जादा साखर वारेतून गर्भाकडे जाते, गर्भाचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन निर्माण करते आणि त्याच्या अंगी चरबी साठते.

मात्र हा प्रश्न केवळ खात्यापित्या घरांचा आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. पुण्याजवळील सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून केलेल्या अभ्यासात नवजात अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी बरीच उणी होती, पण पाठीच्या त्वचेखालील चरबीत त्या मानाने फारशी उणी नव्हती. म्हणजे कष्टकरी, अपुऱ्या आहारावरील मातेचे मूलही दिसण्यात कृश, पण मेदाची शिदोरी घेऊनच जन्मास येते. पुढे स्वस्त गोडधोड व तळीव पदार्थ हाती आले की त्याची वाट मधुमेहाकडे वळण्याचा धोका वाढतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. याच अवधीत अतिवजनी वा स्थूल स्त्रियांचे प्रमाण २०.६ वरून २४ टक्क्यांवर गेले. बालकांचा आकडा आज लहान वाटेल. परंतु वारसा देणारी पिढीच जड होत चालली आहे. दुसरीकडे २०१९-२१ मध्ये ३२.१ टक्के बालके कमी वजनाची होती. एकाच देशाच्या खतावणीत ही दोन्ही देणी शेजारी शेजारी मांडलेली आहेत.

तेव्हा उपाय केवळ मुलाच्या ताटापुरता राहून कसे चालेल? मुलाला ‘कमी खा’ म्हणून दटावणाऱ्या घराने आधी स्वतःचे ताट पाहावे. शासनाने किशोरींच्या पोषणावर आणि प्रत्येक गर्भवतीच्या मधुमेह-तपासणीवर हात आखडता न घेता खर्च करावा. कर्जाची परतफेड जितकी लांबते तितके व्याज वाढते, हा हिशेब शरीरालाही चुकत नाही. आणि येथे ते व्याज फेडावे लागते, ज्याने कर्ज काढलेच नाही अशा मुलाला.