कमी गोंगाटाच्या सूक्ष्मतरंग आंदोलकासाठी अनुनादकाची रचना

तासगाव परिसरातील द्राक्षे व बेदाणा यांच्या दृष्टीने अवकाळी पावसाची पूर्वसूचना किती मोलाची आहे, हे वेगळे सांगावयास नको. ढगातील थेंबांची गती मोजणारे डॉप्लर रडार या कामी साहाय्यभूत होते. सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने एक्स-बँड रडारद्वारे सह्याद्रीवरील ढगांचा अभ्यास केला आहे. या रडारची वारंवारता सुमारे ९.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साडेनऊ अब्ज आवर्तने इतकी असते. थेंब सेकंदाला १ मीटर वेगाने रडारकडे सरकला, तर परतणाऱ्या तरंगाची वारंवारता अवघ्या ६३ हर्ट्झने बदलते. एवढा सूक्ष्म फरक ओळखावयाचा, तर मूळ तरंग निर्माण करणारा आंदोलक अत्यंत स्थिर असला पाहिजे.

प्रत्यक्षात प्रत्येक आंदोलकाच्या तरंगाची कला, म्हणजे आवर्तनातील त्याची क्षणिक स्थिती, थोडीफार डळमळते. यालाच कला-गोंगाट म्हणतात. डोंगराचा प्रतिध्वनी पावसाच्या प्रतिध्वनीहून हजारो पटींनी प्रबळ असू शकतो. आंदोलक डळमळला की स्थिर डोंगरही हलल्यासारखा भासतो आणि पावसाचा क्षीण संकेत त्यात बुडून जातो. (प्रक्षेपण व तुलना एकाच आंदोलकाने होत असल्यामुळे अतिमंद डळमळ बरीचशी वजा होते, मात्र डोंगर जितका दूर, तितका हा लाभ कमी.)

आंदोलक म्हणजे विवर्धक व अनुनादक यांचे वर्तुळ होय. विवर्धकाने कलेला धक्का दिला की वर्तुळाला वारंवारता बदलून तो भरून काढावा लागतो. अनुनादकाचा गुणांक, म्हणजे साठवलेल्या ऊर्जेचे प्रति-आवर्तन ऱ्हासाशी असलेले प्रमाण, जितका मोठा तितका हा बदल लहान. डी. बी. लीसन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वर्तुळातील गुणांक दुप्पट झाल्यास मध्यवर्ती वारंवारतेजवळचा गोंगाट एक-चतुर्थांश होतो.

मग गुणांक वाढवीत जावे, इतके हे सोपे नाही. अनुनादकाचे वर्तुळाशी युग्मन सैल केल्यास वर्तुळातील गुणांक वाढतो, पण त्यातून पार होणारी शक्ती घटते आणि विवर्धकाचा स्वतःचा गोंगाट वरचढ ठरतो. विवर्धकाची निर्गत शक्ती ठरावीक धरून गणित केल्यास वर्तुळातील गुणांक मूळ गुणांकाच्या निम्मा असणे सर्वांत हितकर ठरते; त्या वेळी ६ डेसिबल, म्हणजे तीन-चतुर्थांश शक्ती खर्ची पडते. हा तोटा पाहून नवशिका रचनाकार बिचकतो आणि युग्मन घट्ट करून नेमका मुख्य लाभ गमावतो.

पदार्थाची निवडही अशीच तडजोडीची. या वारंवारतेस चांगल्या सिरॅमिक अनुनादकाचा गुणांक दहा हजारांच्या घरात असतो व मिश्रणाचे प्रमाण साधून त्याची तापमानसंवेदना जवळपास शून्यावर आणता येते. नीलमण्याचा गुणांक खोलीच्या तापमानालाच सुमारे दोन लाखांपर्यंत जातो. परंतु तापमान एका अंशाने बदलल्यास त्याची वारंवारता सहा लाख हर्ट्झहून अधिक सरकते. त्याला काटेकोर तापमान-नियंत्रण अपरिहार्य असते.

क्वार्ट्झ स्फटिकाचा पर्याय आहेच, पण १०० मेगाहर्ट्झचा संकेत ९५ पटींनी वाढविला की गोंगाटही सुमारे ४० डेसिबलने वाढतो. म्हणून पुष्कळदा दोहोंची सांगड घालतात: मंद डळमळ क्वार्ट्झ आवरतो, जलद डळमळीचा भार सूक्ष्मतरंग अनुनादक वाहतो.