मोटार हांकतांना गाणें कोणतें ऐकावें?

गेल्या भाद्रपदांत गणपतीची मूर्ति आणण्याकरितां आम्ही रोह्याहून पेण येथें गेलों होतों. पेणच्या कारखान्यांतून मूर्ति घ्यावी, तिचें मुख रुमालानें झांकावें आणि घरांतील वडील माणसानें ती मांडीवर घेऊन बसावें, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. त्या दिवशीं परततांना मुलांस उत्साह आवरेना. त्यांनीं उडत्या चालीचें एक गाणें लाविलें आणि आवाज वाढवीत नेला. वडखळ गेलें, नागोठणें मागें पडलें, भिसे खिंडीचीं वळणें लागलीं. आणि एका वळणावर धाटावकडून येणारा टँकर एकाएकीं समोर ठाकला. त्याचा हॉर्न आमच्यापैकीं कोणासच ऐकूं आला नव्हता. ब्रेक वेळेवर लागला, मूर्तीस धक्का बसला नाहीं. पण आजीचे हात मूर्तीभोंवतीं किती घट्ट आवळले गेले होते, तें आम्हीं पाहिलें. घर येईपर्यंत मग कोणीं गाणें लाविलें नाहीं.

यावरून प्रवासांत गाणें ऐकणें हाच दोष मानावा काय? विचारांतीं आम्हांस तसें वाटत नाहीं. श्रम आणि गाणें यांची सोबत आपल्याकडे फार जुनी आहे. जात्यावरील ओवी जात्याच्या फेऱ्याबरोबर फिरते. कोळ्यांचें गाणें वल्ह्याच्या ओढीवर चालतें. गाडीवान रात्रीं गात असे, तेव्हां बैलांच्या गळ्यांतील घुंगुरमाळा त्यास ताल देत. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. येथें गाणें कामाच्या मागून जातें. बैल थकला कीं घुंगुर मंदावतात आणि गाणेंही मंदावतें.

मोटारीनें हा संबंध उलटा केला. १९५७ सालच्या ‘नया दौर’ या चित्रपटांत टांगा आणि मोटारबस यांची शर्यत आहे. त्यांतील टांग्याच्या गाण्यास संगीतकार ओ. पी. नय्यर यांनीं घोड्याच्या टापांचा ठेका दिला. टांग्याचा ठेका घोडा देतो. पण इंजिन थकत नाहीं आणि गाण्यास तालही देत नाहीं. म्हणून मोटारींत गाणें गाडीच्या मागून जात नाहीं, तर हांकणाराचा पायच नकळत गाण्याच्या मागून जाऊं लागतो. इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठाचे वॉरन ब्रॉड्स्की यांनीं २००१ सालच्या सुमारास याची परीक्षा केली. त्यांनीं विद्यार्थ्यांस मोटारीच्या नकली यंत्रावर बसवून निरनिराळ्या लयींचें संगीत ऐकविलें. लय जलद झाली तसा वेग वाढला आणि नियमभंगही वाढले, असें त्यांस आढळलें.

वेगाचा अर्थ गणितानें पाहूं. तासाला सुमारें ४ किलोमीटर चालणारी बैलगाडी एका सेकंदांत एक मीटरभरच पुढें जाते. तासाला ६० किलोमीटर जाणारी मोटार तेवढ्याच वेळांत सोळा मीटरांहून अधिक अंतर कापते. गाण्याच्या नादांत ब्रेक अर्धा सेकंद उशिरां लागला, तर गाडी आठ मीटर पुढें गेलेली असते. भिसे खिंडीच्या वळणावर आठ मीटर हें अंतर लहान नव्हे.

मोटारींत संगीत आलें त्यास आतां बराच काळ लोटला आहे. अमेरिकेंत गॅल्विन बंधूंनीं १९३० सालीं मोटारींत बसविण्याजोगा रेडिओ विक्रीस आणला; ‘मोटोरोला’ हें नांव ‘मोटार’ या शब्दावरूनच पडलें. १९६३ सालीं फिलिप्सची कॅसेट निघाली आणि पुढें आपल्या आवडीचीं गाणीं गाडींत नेण्याची सोय झाली. आज तें काम हातांतील फोन करितो. साधनें बदललीं, परंतु कान आणि पाय यांचें नातें बदललें नाहीं.

तर मग ऐकावें काय? आमच्या मतें मध्यम लयीचें, शब्द स्पष्ट असलेलें आणि ओळखीचें गाणें उत्तम. कारण ओळखीचें गाणें आपलें सर्व लक्ष मागून घेत नाहीं. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचें ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणें आकाशवाणीवर प्रक्षेपित होऊं लागलें. त्याचीं ५६ गीतें अनेक घरांत तोंडपाठ आहेत. लांबच्या प्रवासास त्यासारखी सोबत विरळा. पंडित भीमसेन जोशी यांस मोटारीची मोठी हौस. स्वतः गाडी हांकीत ते दूरदूरच्या मैफलींस जात. त्यांचे अभंगही प्रवासांत गोड लागतात. मात्र ख्याल विलंबितापासून द्रुताकडे चढत जातो. म्हणून द्रुत सुरू झाली कीं वेगाच्या कांट्याकडे एकदां पाहावें. झोंप येऊं लागल्यास मात्र कोणतेंच गाणें उपयोगाचें नाहीं; तेव्हां गाडी बाजूस घेऊन विसांवा घेणें हाच एक उपाय.

आवाजाचीही एक सोपी परीक्षा आहे. शेजारी बसलेल्या माणसाशीं नेहमींच्या स्वरांत बोलतां येत नसेल, तर आवाज अधिक झाला असें समजावें. खिंड, बाजारपेठ आणि धो धो पाऊस या तीन ठिकाणीं तर गाणें बंदच ठेवावें.

विद्यार्थीमित्रहो, आपण अद्याप गाडी हांकीत नाहीं, म्हणून हा विषय वडील मंडळींचा आहे असें समजूं नका. हांकणारे वडील असले, तरी गाणें निवडणारे बहुधा आपणच असतां. निघण्यापूर्वींच गाणीं लावून ठेवा, म्हणजे वाटेंत वडिलांस फोनला हात लावावा लागणार नाहीं. आणि वळण दिसतांच न सांगतां आवाज कमी करा. यंदा मूर्ति आणावयास जाऊं तेव्हां आवाज कमी करण्याचें काम आम्हीं घरांतील धाकट्या मुलाकडे सोंपविलें आहे. त्यानें तें मोठ्या अभिमानानें पत्करिलें आहे, आणि आजीनें पुनः मूर्ति मांडीवर घेण्याचें कबूल केलें आहे.