डोलणारी इमारत थांबते कशी?

आखाजीला आपल्या खानदेशात झाडाला झोका बांधतात. ढकलणाऱ्याने हात काढला तरी झोका लगेच थांबत नाही. प्रत्येक हेलकाव्यागणिक कमी होत शेवटी स्थिरावतो. दोराचे घर्षण व हवेचा विरोध त्याची शक्ती शोषून घेतात. या शोषणालाच अवमंदन म्हणतात. पोलादी सांगाड्याची उंच इमारतही वाऱ्याने वा भूकंपाने अशीच डोलते.

इमारतीचे वजन आणि खांब-तुळयांचा ताठपणा नकाशावरून काढता येतो. एका हेलकाव्याला किती वेळ लागेल, हे त्यावरून सांगता येते. अवमंदनाचे तसे नाही. देवळातील घंटा टोल दिल्यावर बराच वेळ घुमते, कारण धातू स्वतः फार थोडी शक्ती शोषतो. इमारतीत ती शोषली जाते बोल्टांच्या सांध्यांत, आडभिंतींत आणि पायाखालच्या जमिनीत. शिवाय हेलकावा वाढला की हे प्रमाणही बदलते. म्हणून मंद वाऱ्यात मोजलेला आकडा भूकंपाला जसाच्या तसा लागू पडत नाही.

मग अभियंता काय करतो? उभ्या इमारतींवरील मोजमापांच्या आधारे आकडा गृहीत धरतो. ज्या अवमंदनाने वस्तू एकही हेलकावा न घेता जागेवर येईल, ते शंभर टक्के मानायचे. भूकंपविषयक भारतीय मानकाच्या 2002 च्या आवृत्तीत पोलादाला 2 टक्के आणि काँक्रीटला 5 टक्के दिले होते. 2016 च्या आवृत्तीत दोहोंना 5 टक्के दिले. फरक वाटतो तेवढा लहान नाही. 2 टक्के असता हेलकावा निम्मा व्हायला सुमारे साडेपाच फेरे लागतात, 5 टक्के असता सव्वादोन. हादरे इमारतीच्या तालावरच येत राहिले, तर तेवढ्याच संथ जोराने ती जितकी वाकली असती, त्याच्या पहिल्या स्थितीत 25 पट आणि दुसरीत 10 पट डोलेल.

आकडा मोठा धरला की हिशेबातले बळ घटते, पोलाद कमी लागते, पैसा वाचतो. तो चुकला, तर भोगावे लागते आत राहणाऱ्याला. 11 डिसेंबर 1967 चे कोयनानगर आणि 30 सप्टेंबर 1993 चे किल्लारी महाराष्ट्र विसरलेला नाही. म्हणून नशिराबादकरांना आम्ही एवढेच सुचवतो: गावात पोलादी इमारत उभी राहील तेव्हा मजले किती, हे विचाराच, पण अवमंदन किती धरले आणि कोणत्या आधारावर, हेही विचारा.