चोर सोडून संन्याशाला सुळी

दसरा उलटला की येरमाळ्यावरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे रस्त्यावर ऊसतोड मजुरांचे ट्रॅक्टर दिसू लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, ज्वारीची पोती, एखादी शेळी, आणि या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली लेकरं. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर बापाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हंगामात ती फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. मागे सांभाळायला कोणी नसेल तर शाळेत जाणारी पोरगी आईबापासोबत कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, येते आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवस काढते. मजुरीचा दर तिने ठरवलेला नाही, दुष्काळ तिने आणलेला नाही, उचल तिने घेतलेली नाही. फेडायची मात्र तिलाही असते.

आपल्याकडे 'करावं तसं भरावं' म्हणतात आणि 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' असंही म्हणतात. पहिल्या म्हणीत जगाचा हिशेब चोख आहे, दुसरीत तो चुकलेला आहे. निरपराध माणसाने दुसऱ्याच्या पापाची शिक्षा का भोगायची, हा प्रश्न सगळ्याच धर्मांनी आपापल्या परीने हाताळला. ख्रिस्ती परंपरेला मात्र तो टाळताच येत नाही, कारण तिच्या गाभ्यातच एका निर्दोष माणसाला दिलेला देहदंड आहे. ही परंपरा आपल्याला परकी मानायचंही कारण नाही. १० ते १२ जानेवारी २०२० या काळात आपल्या जिल्ह्याच्या गावी ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, आणि साहित्यनगरीला नाव होतं संत गोरोबाकाकांचं. एका ख्रिस्ती धर्मगुरूला अध्यक्ष केलं म्हणून विरोध झाला, तरी संमेलन पार पडलं. बायबल सोप्या मराठीत आणणारे फादर जुलै २०२४ मध्ये गेले.

बायबलचा या प्रश्नावरचा सूर सगळीकडे एक नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. मोशेच्या नियमशास्त्रात देव बापाच्या अपराधाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत करतो. पुढे इ.स.पू. सहाव्या शतकात यहुदी लोक बाबेलला बंदिवासात पडले. पूर्वजांच्या पापामुळे आपली ही गत झाली, असं ते म्हणू लागले, तेव्हा यहेज्केल संदेष्ट्याने त्यांना फटकारलं. बापाच्या पापासाठी मुलगा मरणार नाही, ज्याचं पाप त्याच्या माथी, असं त्याने ठणकावून सांगितलं. एकाच ग्रंथातली ही दोन वचनं समोरासमोर ठेवून विद्वान शतकानुशतकं वाद घालत आले आहेत. मला जो उलगडा पटतो तो असा: पापाचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या जातो, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहतो. पण परिणाम म्हणजे दोष नव्हे. कोपीवरच्या पोरीला उचलीचा परिणाम भोगावा लागतो, त्यामुळे ती अपराधी ठरत नाही.

ईयोबाची कथा तर दोष देणाऱ्यांवरच उलटते. हा सज्जन माणूस एका दिवसात गुरंढोरं आणि दहा मुलं गमावतो, अंगभर फोड येऊन राखेत बसतो. भेटायला आलेले मित्र सात दिवस गप्प बसतात, आणि या मित्रांनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच. तोंड उघडल्यावर ते एकच पालुपद धरतात: तू काहीतरी पाप केलं असशील. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. ईयोबाला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात. पण आधीची दहा लेकरं मेली ती मेलीच. त्यांचं काय, याचं उत्तर त्या ग्रंथात कुठेच नाही.

तेरचे गोरोबाकाका इथे आठवल्यावाचून राहत नाहीत. तेर आपल्याच जिल्ह्यात. नामस्मरणात देहभान हरपून चिखल तुडवताना रांगत आलेलं त्यांचं स्वतःचं मूल पायाखाली आलं, ही कथा इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. बाळाचा अपराध काहीच नव्हता. आपल्या कथेत विठ्ठल पुढे पंढरपुरात ते मूल परत देतो. शुभवर्तमानातल्या बेथलेहेमच्या बाळांना ते भाग्य लाभत नाही. नवा राजा जन्मल्याचं ऐकून बिथरलेला हेरोद राजा त्या गावातले दोन वर्षांच्या आतले सगळे मुलगे कापून काढायला लावतो, आणि ज्याच्यासाठी हे घडतं तो येशू मात्र मिसरात सुखरूप पोहोचतो. २५ डिसेंबरचा आनंद ओसरायच्या आत, २८ डिसेंबरला पाश्चात्त्य चर्च या बाळांचा स्मरणदिन पाळतं. सणाच्या आठवड्यातच हा दिवस ठेवणाऱ्यांनी प्रश्न झाकून टाकला नाही, याचं मला मोल वाटतं.

येशूपुढे हा प्रश्न दोनदा थेट येतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. देवाची कार्यं याच्या ठायी दिसावीत म्हणून हे झालं, असं तो पुढे सांगतो, आणि हा उत्तरार्ध आजही अनेक श्रद्धाळूंना अवघड जातो. पण पूर्वार्धाने पापाचा शिक्का पुसला, एवढं निश्चित. दुसऱ्या वेळी विषय असतो शिलोहातला बुरूज कोसळून मेलेल्या १८ जणांचा. ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होते असं समजू नका, असं येशू बजावतो, आणि बोट ऐकणाऱ्यांकडे वळवतो: तुम्ही आपलं बघा, पश्चात्ताप करा.

कोसळलेल्या भिंतींचा विषय आपल्या भागात पुस्तकी नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन आटोपून गावं झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि मातीचे थर चढत गेलेली जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली, त्यात पाळण्यातली बाळंही होती. त्याआधी १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, पोर्तुगालचं लिस्बन शहर भूकंपाने असंच उद्ध्वस्त झालं. प्रार्थनेसाठी भरलेल्या चर्चच्या इमारती भाविकांवर कोसळल्या. मालाग्रिदा नावाच्या जेझुइट पाद्र्याने पुस्तिका काढून हा शहराच्या पापांवरचा देवाचा कोप असल्याचं सांगितलं. त्याच सुमारास फ्रेंच लेखक व्हॉल्तेअर दुसऱ्या टोकाने तुटून पडला: जे होतं ते भल्यासाठीच, म्हणणाऱ्या पंडितांची त्याने रेवडी उडवली. शिलोहाच्या बुरुजाचा उतारा मालाग्रिदाच्या बायबलातही होता. भिंत पडली की भिंतीचं बांधकाम पाहावं, मेलेल्यांचं चारित्र्य तपासू नये, असा त्या उताऱ्याचा अर्थ मी घेतो.

चर्चने हे नेहमी पाळलं असं मुळीच नाही. आदामाचं पाप मानवजातीत उतरलं, नवजात बाळालाही त्या दोषाचा वाटा आहे, असा सिद्धांत संत ऑगस्टीन (३५४-४३०) यांनी मांडला आणि पश्चिमेत तो रुजला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेने मात्र आदामाकडून मरण आणि दुबळेपणा वारशाने येतो, दोष येत नाही, अशी भूमिका ठेवली. बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या बाळांचं काय, या प्रश्नाने किती आयांना रात्र रात्र जागवलं असेल! त्यांच्यासाठी मध्ययुगात 'लिंबो' नावाची कल्पना निघाली: तिथे यातना नाहीत, पण देवदर्शनही नाही. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने सांगितलं की, या बाळांचं तारण होईल अशी आशा धरायला भक्कम आधार आहेत. हे म्हणायला इतकी शतकं लागायला नको होती.

आता क्रूस. शुक्रवारी सकाळी रोमन सुभेदार पिलातापुढे दोघे होते: दंगा आणि खून यांसाठी तुरुंगात पडलेला बरब्बा, आणि ज्याच्यात आपल्याला दोष सापडत नाही असं पिलात स्वतः म्हणतो तो येशू. लोकांनी बरब्बाला मागून घेतलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, अगदी शब्दशः. या सुळीचा अर्थ लावताना ख्रिस्ती विचारात वाटा फुटल्या. कँटरबरीचे अँसेल्म यांनी अकराव्या शतकाच्या अखेरीस मांडलं की, माणसाने देवाचा मान भंगला, ते ऋण माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं, ते देवानेच माणूस होऊन फेडलं. कॅल्विन आणि इतर सुधारकांनी भर दिला तो आपली शिक्षा त्याने आपल्यावर घेतली यावर. अँसेल्मच्या मागोमाग आलेल्या अबेलार्डला त्यात हिशेबापेक्षा प्रेम दिसलं, पाहणाऱ्याचं मन पालटणारं. जर्मन धर्मपंडित युर्गेन मोल्टमान १७ वर्षांचे असताना, १९४३ च्या हॅम्बुर्गवरच्या बॉम्बवर्षावात शेजारी उभा असलेला मित्र त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. १९७२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी देव वरून हे दुःख पाहत बसत नाही, तो स्वतः त्यात सापडलेला असतो, अशी मांडणी केली.

या सगळ्यात एक भेद सुटू देता कामा नये. येशूने आपला मार्ग पत्करला होता. बेथलेहेमच्या बाळांनी, किल्लारीच्या लेकरांनी, कोपीवरच्या पोरीने काहीच पत्करलेलं नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'हा तुझा क्रूस आहे, वाहा' असं सांगणारे उपदेशक होते आणि आहेत. त्यांनी क्रूस उलटा धरला आहे. स्वतःहून वाहिलेलं ओझं आणि दुसऱ्याने लादलेलं ओझं यांना एकच नाव देणं हा निरपराधावरचा दुसरा अन्याय होय.

पंडिता रमाबाईंनी हे नेमकं ओळखलं होतं. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण त्यांनी पाठोपाठ गमावली. पुढे चोविशीच्या आतच वैधव्य आलं. नवरा मेला तो या मुलीच्या पूर्वजन्मीच्या पापामुळे, असं मानून बालविधवेला कसं छळलं जातं, हे त्यांनी १८८७ च्या इंग्रजी पुस्तकात जगापुढे मांडलं. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या, १८८९ मध्ये शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, निराधार मुली गोळा करून आणल्या आणि दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे मुलींना लिहाय-वाचायला, विणायला, शेती करायला आणि छापखाना चालवायला शिकवलं जाई. रमाबाईंनी सबंध बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्याचा छापखानाही तिथलाच, आणि कामाला हात त्याच मुलींचे. कन्या मनोरमा ब्रेल शिकल्या आणि त्यांनी केडगावच्या अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. त्या मुली कोणाच्या पापामुळे आंधळ्या झाल्या, हे तिथे प्रवेश देताना कोणी विचारलं नाही.