आकर्षणाचा नियम

आकर्षणाचा नियम ही, मनातील विचारांना अनुरूप अशीच परिस्थिती माणसाच्या वाट्याला येते, असे मानणारी विचारसरणी आहे. नावात ‘नियम’ असला, तरी तो गुरुत्वाकर्षणाप्रमाणे प्रयोगांनी सिद्ध झालेला नाही. त्याची गणना छद्मविज्ञानात केली जाते.

इतिहास
या कल्पनेचा उगम एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या ‘नवविचार’ चळवळीत आहे. मनोबलाने रोग बरे होतात, असे मानणारे फिनिअस क्विम्बी (१८०२–१८६६) हे तिचे प्रेरणास्थान समजले जातात. विल्यम वॉकर ॲटकिन्सन यांनी १९०६ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. रॉन्डा बर्न यांच्या ‘द सीक्रेट’ (२००६) या चित्रपटामुळे व त्याच नावाच्या पुस्तकामुळे ही कल्पना जगभर पोहोचली.

साधने
इच्छित गोष्ट प्राप्त झाल्याचे चित्र मनात रंगवणे, तिच्याबद्दल आधीच कृतज्ञता बाळगणे आणि ती मिळेलच अशी श्रद्धा ठेवणे, ही प्रमुख साधने होत.

संशोधन व टीका
एमन्स व मॅककलो यांच्या २००३ च्या अभ्यासात कृतज्ञतेच्या नोंदी ठेवणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य तुलनेने चांगले आढळले. फॅम व टेलर यांच्या १९९९ च्या प्रयोगात, उत्तम गुण मिळाल्याची कल्पना करणाऱ्यांपेक्षा प्रत्यक्ष अभ्यास करत असल्याची कल्पना करणाऱ्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत अधिक यश मिळवले. म्हणजेच लाभ होतो तो मनोवृत्ती व प्रयत्न यांतून. विचारांनी बाह्य घटना ओढल्या जातात, याला पुरावा नाही. शिवाय या तर्कानुसार आजार, दारिद्र्य वा अपघात यांचा दोष पीडितावरच येतो, हा त्यावरील गंभीर नैतिक आक्षेप आहे.